गाठीशेजारची नळी

गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी बायकांमध्ये सर्रास आढळतात. गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना पोटाच्या अस्तराची जी दुपदरी घडी असते, त्या ब्रॉड लिगामेंटमध्ये वाढणारी गाठ मात्र दुर्मीळ, १०० फायब्रॉइडमध्ये एकही नाही इतकी. ती सहसा कॅन्सरची नसते. तरी ती काढताना मला धास्ती असते ती युरेटरची, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी आणणाऱ्या नळीची.

ही गाठ बाई कित्येक महिने अंगावर काढते, कारण पाळी बहुधा नियमित असते. तक्रार असते ती ओटीपोट जड वाटण्याची, सारखं लघवीला जावं लागण्याची. तपासून झालं की “पिशवी काढावी लागेल का?” हे विचारलं जातं, आणि मग आवाज खाली घेऊन, “कॅन्सर तर नाही ना?” सोनोग्राफीत ही गाठ अंडाशयाचीही वाटू शकते. म्हणून दोन्ही अंडाशयं वेगळी दिसतात का, हे मी आधी पाहते. एमआरआयने बराच उलगडा होतो. मूत्रपिंड सुजलंय का, हेही पाहावंच लागतं. गाठीचा दाब तिथवर पोचतो.

युरेटर जेमतेम ३-४ मिलिमीटर जाडीची. एरवी ती गर्भाशयमुखापासून दीड-दोन सेंटीमीटरवर, गर्भाशयाच्या रोहिणीखालून जाते. गाठ तिला कुठेही सरकवते; कधी ती गाठीच्या अंगावरच ताणलेली सापडते. म्हणून मी तिला वरती, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे गाठते आणि खाली माग काढत येते. चिमट्याने हळूच डिवचलं की ती गांडुळासारखी आकसते. रक्तवाहिनी तसं करत नाही. ती हालचाल दिसल्याशिवाय मी पुढे जात नाही.

मग अस्तराला छेद, आणि थेट गाठीच्या कवचाच्या आत. त्या पातळीतच राहिलं तर बोटाने गाठ सुटत जाते, आणि पिशवीही वाचवता येते. खरी परीक्षा तळाशी. तिथे रक्त येतं, हात आपोआप क्लॅम्पकडे जातो. न बघता लावलेला तो एक क्लॅम्प मूत्रपिंड घालवू शकतो. गॉज दाबून थांबायचं, रक्त कुठून येतंय ते दिसू द्यायचं, मगच टाका.

गाठ पॅथॉलॉजीला जाते. कॅन्सर नाही, हे तिथून आल्यावरच मी ठामपणे सांगते. घरी जाताना मात्र बजावते: कुशीत दुखलं, ताप आला, पोट फुगलं किंवा लघवी कमी झाली, तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच या.