तुटलेली रक्तवाहिनी आणि शिवणारे हात



डॉक्टर मंडळींनी बोलावे अशा विषयावर आमच्यासारखा कामगार संघटनेचा कार्यकर्ता बोलावयास उभा राहिला, याचे कोणाला आश्चर्य वाटले तर ते साहजिक आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंत. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारांत. परंतु या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. एका चुकीने आम्हांला त्याकडे वळविले. म्हणून आधी ती चूक सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या एका सभासदाची उजव्या हाताची तीन बोटे दुसऱ्या पाळीत पॉवर प्रेसखाली तुटली. निरोप येताच आम्ही धावलो. तुटलेली बोटे कोणी फेकून दिली नव्हती, यातच आम्हांला मोठी हुशारी वाटली. नाक्यावरची रसवंती बंद व्हायच्या बेतात होती. तेथून बर्फ आणला, जेवणाच्या डब्यात भरला, बोटे त्यात नीट पुरली आणि जखमीला घेऊन मोठ्या शहराची वाट धरली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी डबा उघडला, बोटे पाहिली आणि हळू आवाजात विचारले, "बर्फात सरळ कोणी ठेवली?" आम्हीच ठेवली होती. बर्फ अंगाला थेट लागल्याने पेशी गोठून मेल्या होत्या. जोडण्यासारखे काही उरले नव्हते.

संघटनेचे काम आम्ही शिकलो ते १९२३ सालच्या भरपाई कायद्याचे परिशिष्ट वाचून. त्यात अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के गेली, असा तक्ता होता. हा तक्ता आम्हांला तोंडपाठ होता. पण तुटलेले बोट परत जोडता येते, ते कशाच्या बळावर आणि किती वेळात, हे ठाऊक नव्हते. त्या रात्रीनंतर आम्ही त्याचा शोध घेऊ लागलो.

बोट जोडणे म्हणजे हाड आणि कातडी जोडणे नव्हे. हाड तारेने बांधता येते, कातडी शिवता येते. पण आत रक्त खेळले नाही तर ते सारे मढ्याला नटविण्यासारखे आहे. हृदयाकडून शुद्ध रक्त आणणारी रोहिणी आणि ते परत नेणारी नीला, या दोन्ही नळ्या जोडल्या पाहिजेत. आता नळी जोडणे यात काय मोठेसे, असे नळकाम करणाऱ्याला वाटेल. अडचण अशी, की ही नळी जिवंत आहे आणि तिच्यातले पाणीही जिवंत आहे. रक्तवाहिनीच्या आतले अस्तर अत्यंत गुळगुळीत असते. ते शाबूत आहे तोवर रक्त वाहते. ते कोठे खरवडले, किंवा परकी वस्तू आत डोकावली, की रक्त तेथे गोठू लागते. तसे गोठणे हीच जखमेत आपली रक्षा आहे. परंतु त्याच गुणामुळे सुई आणि धागा, म्हणजे दुरुस्तीची हत्यारेच, नळी बंद पाडतात.

त्यामुळे शतकानुशतके डॉक्टरांपाशी एकच खात्रीचा उपाय होता : रक्तवाहिनी बांधून टाकणे. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआझ पारे याने तापलेल्या लोखंडाने डागण्याऐवजी दोऱ्याने बांधण्याची रीत रूढ केली, ही केवढी तरी दया होती. परंतु बांधल्याने जीव वाचे आणि पुष्कळदा अवयव जाई.

१८९४ च्या जून महिन्यात फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिआँ शहरात सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी नीला कापली गेली होती. ती शिवण्याची विद्या तेव्हा कोणापाशी नव्हती. अध्यक्ष रक्तस्रावाने मेले. त्याच शहरात अलेक्सी कारेल नावाचा वीस वर्षांचा तरुण वैद्यक शिकत होता. ही नळी शिवता यावयास हवी होती, ही गोष्ट त्याच्या मनाने घेतली.

लिआँ हे रेशमाचे गाव. विणकर, रंगारी, भरतकाम करणाऱ्या बाया यांच्या हातांवर ते शहर उभे राहिले. कारेल अशाच एका बाईकडे, मादाम लेरूदिये हिच्याकडे, बारीक सुईचे काम शिकावयास गेला. वैद्यकाच्या इतिहासात या बाईचे नाव एखाद्या ओळीपुरते येते आणि पुढे नाहीसे होते. आम्हांला ते पुन्हा पुन्हा घ्यावेसे वाटते. राजवाड्यांचे पडदे आणि बायकांच्या झालरी यांवर जी नजर आणि जे बोट तयार झाले, त्यातून शस्त्रक्रियेची एक शाखा जन्मली.

१९०२ साली कारेलने आपली रीत प्रसिद्ध केली. ती शिंप्याला एका वाक्यात पटेल अशी आहे. दोन नळ्यांची गोल तोंडे समोरासमोर आणावयाची आणि परिघावर सारख्या अंतराने तीन टाके घालावयाचे. त्या तीन टाक्यांचे धागे तीन बाजूंना हलकेच ताणले की गोलाचा त्रिकोण होतो. वाकड्या कडेवर शिवण चुकते, सरळ कडेवर साधते. शिवाय ताणामुळे तोंड उघडे राहते, समोरची भिंत टाक्यात सापडत नाही आणि शिवणीपाशी नळी आवळली जात नाही. कडा किंचित बाहेर उमलवून घ्यावयाच्या, म्हणजे अस्तराला अस्तर भिडते. सुई आणि रेशीम अतिशय बारीक घ्यावयाचे आणि त्यांना व्हॅसलिन चोपडावयाचे. पुढे अमेरिकेत चार्ल्स गथ्री याच्याबरोबर त्याने कुत्र्यांवर शेकडो प्रयोग केले. १९१२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या कारेलला मिळाले. श्रेयाची वाटणी तेथेही आपल्याकडच्यासारखीच होते, एवढेच म्हणावयाचे. आणखी एक गोष्ट लपवू नये : हाच कारेल पुढे, १९३५ च्या आपल्या ग्रंथात, माणसांचे चांगले वाण आणि वाईट वाण अशी भाषा बोलू लागला. त्याच्या हातचे कसब घ्यावे, त्याचे ते विचार टाकून द्यावेत.

टाका साधला, तरी गोठण्याचा शत्रू उभाच होता. १९१६ साली बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला रक्त गोठू न देणारे एक द्रव्य आढळले. त्याच शोधातून हेपारिन आले. ते शुद्ध होऊन रोग्याला निर्धोकपणे देता येण्यास १९३० च्या दशकाचा मध्य उजाडला.

पुढचा प्रश्न असा, की नळीचा मोठा तुकडाच नासला असेल तर जोडावयाचे काय? रोग्याच्याच पायातली एखादी नीला काढून वापरता येते. तिच्यात एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी फिरवून बसवावी लागते. पण तिचीही लांबी आणि जाडी मर्यादित. येथे पुन्हा कापड कामास आले. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये आर्थर व्हूर्हीज या तरुण शल्यविशारदाला एका कुत्र्याच्या हृदयाच्या कप्प्यातून गेलेला रेशमी टाका काही महिन्यांनी दिसला. त्यावर चकचकीत, पातळ आवरण चढले होते. शरीर एका धाग्याला अस्तर लावीत असेल, तर धाग्यांच्या कापडाला का लावणार नाही, असे त्याच्या मनात आले. त्याने विनयॉन नावाच्या कृत्रिम कापडाच्या नळ्या शिवल्या आणि १९५२ साली आपले निष्कर्ष मांडले. ह्यूस्टनचे मायकेल डबेकी यांनी स्वतःच सांगितलेली हकीकत अशी, की ते दुकानात नायलॉन घ्यावयास गेले, ते संपले होते, म्हणून डेक्रॉन, म्हणजे आपल्या सदऱ्यांतले पॉलिएस्टर, घेऊन आले आणि पत्नीच्या शिवणयंत्रावर त्याची नळी शिवली. यात सारे मर्म विणीत आहे. वीण फार विरळ असेल तर रक्त झिरपते. फार दाट असेल तर पेशी तिच्यात रुजत नाहीत. मोठ्या रोहिणीसाठी ही नळी आजही वापरतात. परंतु सहा मिलिमीटरहून अरुंद झाली की ती लवकर तुंबते. आणि बोटातली रोहिणी असते साधारण एका मिलिमीटरची.

तेथे पोहोचण्यास नव्या धाग्यापेक्षा नवे डोळे हवे होते. १९६० साली अमेरिकेत ज्यूलियस जेकबसन यांनी शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक लावून दोन मिलिमीटरच्या आसपासच्या रक्तवाहिन्या जोडून दाखविल्या. त्यानंतर घटना भराभर घडल्या. १९६२ च्या मे महिन्यात बॉस्टनला बारा वर्षांच्या एका मुलाचा खांद्यापाशी तुटलेला हात जोडला गेला. १९६३ च्या जानेवारीत शांघायमध्ये चेन झोंगवेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कारखान्यातील कामगाराचा यंत्राने तोडलेला उजवा हात जोडला. १९६५ च्या जुलैत जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. आज या कामाचा धागा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका बारीक असतो. आपल्या डोक्याचा केस त्यापुढे दोरखंड ठरेल.

जोडलेल्या बोटात रोहिणी रक्त आणते, पण नाजूक नीला ते परत नेऊ शकत नाहीत, असे पुष्कळदा होते. बोट निळे पडून फुगते. अशा वेळी आजही मोठमोठ्या इस्पितळांत जळवा लावतात. जळू तुंबलेले रक्त ओढते आणि तिच्या लाळेतले द्रव्य ते गोठू देत नाही. सुश्रुताने जळवांचे वर्णन आणि उपयोग सांगितले आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली त्यांना वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली.

आता प्रयोग कोठवर आले आहेत? जनुके टोचून पायात नव्या रक्तवाहिन्या उगवाव्यात, असे प्रयत्न १९९० च्या दशकापासून झाले. आरंभी फार आशा वाटली, पण मोठ्या चाचण्यांत ती बरीचशी फोल ठरली. दुसरा मार्ग अधिक पुढे गेला आहे. माणसाच्या स्नायुपेशी विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर वाढवावयाच्या, वाढताना त्या नळीला नाडीसारखे हेलकावे द्यावयाचे आणि शेवटी सगळ्या पेशी धुऊन काढावयाच्या. उरते ती केवळ चिवट तंतूंची रिकामी नळी. परक्या पेशी नसल्याने शरीर तिला हाकलून देत नाही; उलट हळूहळू स्वतःच्या पेशी तिच्यात वस्तीला येतात. लॉरा निक्लसन यांनी १९९९ साली प्राण्यांत दाखविलेल्या कामातून ही नळी वाढली, युक्रेनच्या युद्धातील जखमींनाही बसविली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. ती हातापायांच्या मोठ्या जखमांसाठी आहे, तीही रोग्याची स्वतःची नीला वापरता येत नसेल तेव्हाच. ती फुटण्याचा आणि तुंबण्याचा धोका परवान्यावरच नोंदलेला आहे. तेव्हा चमत्कार म्हणून नाचावे असे नाही, पण आशा धरावी असे निश्चित आहे.

एवढा प्रवास ऐकून आपण घरी काय न्यावे? आमच्या मते घड्याळ. रक्त थांबले की स्नायू सुमारे सहा तास तग धरतात. म्हणून तुटलेल्या हाताला उशीर चालत नाही. बोटात स्नायू नसतात, त्यामुळे ते नीट गार ठेवले तर बारा तास आणि कधी त्याहूनही अधिक टिकते. नीट गार म्हणजे कसे, ते आम्ही तीन बोटांची किंमत देऊन शिकलो. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. तुटलेला भाग मिठाच्या निर्जंतुक पाण्याने, ते नसेल तर स्वच्छ पाण्याने, ओलसर केलेल्या कापडात गुंडाळावा. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे. ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फ त्या भागाला लागता कामा नये. तो पाण्यात बुडवूनही ठेवू नये. भाग किती चिरडला आहे हे पाहून आपण निकाल देऊ नये; तो डॉक्टरांनाच देऊ द्यावा. आणि निघण्यापूर्वी फोन करून विचारावे, की हे काम करणारे डॉक्टर तेथे आहेत काय. चुकीच्या दारात घालविलेला तास परत मिळत नाही.

याहून मोठी गोष्ट अर्थात तुटू न देण्याची. प्रेसला दोन्ही हातांनी दाबावयाची बटणे असतील, संरक्षक जाळी काढून ठेवलेली नसेल, तर सूक्ष्मदर्शकाची गरजच पडत नाही. त्यासाठी आम्ही भांडलो आहोत आणि भांडत राहू. पण जोवर प्रेस चालतात तोवर दुसरी गोष्टही ठाऊक असली पाहिजे.

आमचा तो सभासद आज एका गोदामात आवक-जावक लिहितो. वरच्या सूचना त्याने डाव्या हाताने, मोठ्या वाकड्या अक्षरांत एका कागदावर लिहिल्या. त्याच्या प्रती आम्ही वसाहतीतल्या प्रथमोपचाराच्या पेट्यांत झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविल्या आहेत. व्याख्यान संपल्यावर काही प्रती दारापाशी ठेविलेल्या असतील. घरात विळी, गिरणी, चाफकटर, करवत काहीही असेल, तर एक प्रत अवश्य न्यावी.