कुरळ्या केसांखालची त्वचा

पूडल किंवा पूडलच्या संकरातून जन्मलेले श्वान आज अनेक घरांत कुटुंबातलेच एक होऊन राहत आहेत. त्यांचे एक वैशिष्ट्य घरच्या मंडळींना विशेष भावते : घरभर केस पडत नाहीत. मात्र गळलेले केस जातात कुठे, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते शेजारच्या वेटोळ्यांत अडकून अंगावरच राहतात. शिवाय या श्वानांचे केस ठरावीक लांबीला थांबत नाहीत. माणसाच्या डोक्यावरील केसांप्रमाणे ते वाढतच जातात. झाडलोटीचे जे श्रम वाचतात, ते कंगव्याकडे वळवावे लागतात. तसे न केल्यास त्याची किंमत त्या मुक्या जीवाची त्वचा मोजते.

गुंता कसा होतो?

ओली लोकर चोळून, दाबून नमदा बनवितात. श्वानाच्या अंगावर नेमकी तीच क्रिया घडत असते. गळलेले केस, थोडासा ओलावा आणि सततचे घर्षण यांतून आधी बारीक गाठ होते, गाठीला गाठ मिळते आणि अखेरीस त्वचेलगत घट्ट थर तयार होतो. गुंत्याची ठिकाणे बहुधा ठरलेली असतात : कानांमागे, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीखाली आणि पायांच्या बोटांमध्ये. साधारण ८ ते १४ महिन्यांच्या वयात पिल्लाचे मऊ केस जाऊन प्रौढ केस येऊ लागतात. या काळात काल मोकळे असलेले केस आज गुंतलेले आढळतात. तेव्हा विंचरणे वाढवावे.

गुंता दिसायला कुरूप असतो, एवढ्यावर हा विषय संपत नाही. श्वानाची त्वचा माणसाच्या त्वचेहून पातळ असते. घट्ट झालेली जट प्रत्येक पावलागणिक ती त्वचा ओढते. जटेखाली हवा पोहोचत नाही, ओल सुकत नाही, जंतुसंसर्गाला वाव मिळतो. गोचिडांना दडण्यास जागा मिळते, आणि गोचिडांमार्फत बेबेसिया व एर्लिकिया यांसारखे गंभीर आजार पसरतात. पावसाळ्यात जटेखालच्या ओल्या जखमेवर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. बाहेरून दुर्गंध येईपर्यंत आत काय चालले आहे याचा पत्ताही लागत नाही.

वरवरचा ब्रश फसवा

अनेक घरांत ब्रश नित्य फिरविला जातो, तरीही श्वान गुंततो. याचे कारण असे की ब्रश केसांच्या टोकांवरून फिरतो आणि मुळाशी गुंता तसाच राहतो. वरून अंग कापसासारखे फुललेले दिसते, खाली मात्र थर घट्ट होत असतो. म्हणून दोन साधने जवळ असावीत : बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि एका बाजूला विरळ, दुसऱ्या बाजूला दाट दाते असलेला धातूचा कंगवा.

श्वानाला कुशीवर निजवावे. एका हाताने केस वर उचलून धरावेत, म्हणजे त्वचेची एक रेघ दिसेल. त्या रेघेवरील केस ब्रशने हलक्या हाताने मोकळे करावेत, मग थोडे वर सरकून पुढची रेघ घ्यावी. ब्रश एकाच जागी वारंवार घासू नये. तारांनी त्वचा सोलवटते. शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत फिरवून पाहावा. तो कोठेही न अडकता बाहेर आला, तरच ते केस विंचरले गेले असे मानावे.

आधी कंगवा, मग स्नान

गुंतलेल्या श्वानाला स्नान घालून मग विंचरू, असा विचार अनेकांच्या मनात येतो. पाण्याने गुंता अधिकच आवळतो आणि शाम्पू त्यातून नीट धुऊन निघत नाही. म्हणून आधी पूर्ण विंचरावे, मगच स्नान घालावे. माणसांचा शाम्पू श्वानाच्या त्वचेला मानवत नाही. श्वानांसाठी बनविलेलाच वापरावा. टॉवेलने अंग खसखसून न पुसता पाणी टिपून घ्यावे. नंतर ड्रायर सौम्य उष्णतेवर ठेवून, विंचरत विंचरत केस मुळापर्यंत वाळवावेत. पावसातून फिरून आल्यावर पाय आणि पोटही असेच कोरडे करावे.

लहान गाठ आढळल्यास श्वानांसाठी मिळणारा केस मोकळे करणारा स्प्रे किंवा चिमूटभर कॉर्नफ्लॉवर तिच्यावर लावून ती बोटांनी उकलावी. गाठ आणि त्वचा यांच्यामध्ये केस चिमटीत घट्ट धरावेत, म्हणजे ओढ त्वचेला लागत नाही. मग टोकाकडून मुळाकडे, थोडे थोडे सोडवीत जावे. टी ट्री तेल मात्र वापरू नये. ते श्वानांना विषारी ठरू शकते.

कात्री दूर ठेवावी

गाठ दिसली की हात कात्रीकडे जातो. येथे अत्यंत सावध राहावे. जटेबरोबर त्वचाही वर उचलली जाते. केस कोठे संपले आणि त्वचा कोठे सुरू झाली हे डोळ्यांना कळत नाही. कात्रीच्या एका घावात काखेची किंवा कानाच्या कडेची त्वचा कापली जाऊ शकते, आणि त्यावर टाके घालावे लागतात.

जट त्वचेला चिकटून बसली असेल, कंगव्याचा दातही खाली शिरत नसेल, तर ती उकलण्याचा हट्ट सोडावा. तासन्‌तास ओढाताण करून लांब केस वाचविण्यापेक्षा ते मशीनने काढून टाकणे अधिक दयाळूपणाचे आहे. हे काम अनुभवी ग्रूमरकडे द्यावे. त्वचा लाल, ओलसर किंवा दुर्गंधीयुक्त असेल, श्वान हात लावू देत नसेल, तर प्रथम पशुवैद्यांना दाखवावे. त्याला शांत करण्यासाठी घरातील कोणतेही औषध देऊ नये. केस काढल्यावर काही दिवस दुपारच्या उन्हापासून जपावे. कानांवरील जड जट काढल्यानंतर श्वान डोके जोराने झटकत राहिला किंवा कानाची पाळी सुजली, तर विलंब न करता उपचार घ्यावेत. पाळीत रक्त साकळलेले असू शकते.

लांबी किती ठेवावी?

पूडल हा मुळात पाण्यातून शिकार उचलून आणणारा श्वान. त्याचे नाव पाण्यात डुंबणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आले आहे. पोहताना अडचण होऊ नये म्हणून त्याचे केस कापीत, सांध्यांवर आणि छातीवर उबेपुरते राखीत. केसांची लांबी अशी कामाच्या गरजेवरून ठरत असे. आपल्या घरीही ती छायाचित्रे पाहून ठरवू नये. आपल्यापाशी वेळ किती आहे, त्यावरून ठरवावी. लांब केस राखायचे तर रोज, निदान एक दिवसाआड, मुळापर्यंत विंचरणे आले. तेवढी सवड नसेल तर केस बोटाच्या पेराहूनही आखूड ठेवावेत, आठवड्यातून दोनदा विंचरावेत आणि साधारण ४ ते ६ आठवड्यांनी कापून घ्यावेत.

पिल्लू घरी आल्यापासूनच रोज दोन-तीन मिनिटे कंगव्याची सवय लावावी. मुलांकडे खाऊचा तुकडा द्यावा, कंगवा मोठ्यांनी धरावा. श्वान कंटाळण्यापूर्वीच थांबावे. आज रात्री त्याला जवळ घेताना कानांमागचे केस बाजूला सारून पाहा. बोटे त्वचेपर्यंत सहज पोहोचली तर उत्तम. न पोहोचल्यास कंगवा हाती घेण्यास उद्याची वाट पाहू नका.