दूरच्या दीर्घिकांची ओळख

मोठ्या दुर्बिणीने घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रात हजारो प्रकाशबिंदू उमटलेले असतात. त्यांतील काही आपल्या आकाशगंगेतील तारे असतात. काही तिच्या फार पलीकडील स्वतंत्र दीर्घिका असतात. आणि काही तर यंत्राच्या दोषाने उठलेले निव्वळ डाग असतात. वरवर पाहता त्यांत फरक दिसत नाही. म्हणून ‘हा ठिपका कोणाचा?’ हाच खगोलशास्त्रज्ञापुढील पहिला प्रश्न होय.

दीर्घिका जवळची असेल तर तिचा आकारच तिची ओळख पटवितो. ताऱ्याची प्रतिमा बिंदूसारखी आटोपशीर असते. दीर्घिकेचा प्रकाश मात्र मध्याकडून कडेकडे विरत जातो. अमेरिकन शास्त्रज्ञ एडविन हबल यांनी देवयानी ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेरची आहे हे दाखवून दिले, आणि १९२६ साली दीर्घिकांची त्यांच्या रूपावरून लंबगोल, सर्पिल, दंडयुक्त सर्पिल व अनियमित अशी वर्गवारी मांडली. तिचा मूळ सांगाडा आजही वापरात आहे.

परंतु अंतर वाढले की ही खूण अपुरी पडते. डोंगरमाथ्यावरून दूरचे गाव पाहावे, तर त्यातील घरे व झाडे वेगळी ओळखू येत नाहीत. सारे गाव एक धूसर पुंजका होऊन दिसते. अतिदूरच्या दीर्घिकांचे असेच होते. तेव्हा त्यांचा प्रकाश वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून टिपावा लागतो आणि त्याचा वर्णपट तपासावा लागतो. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या प्रकाशाची तरंगलांबी वाटेत ताणली जाते व वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. ही सरक मोजली की दीर्घिकेचे अंतर कळते.

या शोधकार्यात बंगळूरचा वाटा मोठा आहे. तेथील भारतीय ताराभौतिकी संस्थेने पुण्याची ‘आयुका’, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, इस्रो आणि कॅनडाची अंतराळ संस्था यांच्या सहकार्याने एक जंबुपार दुर्बीण सिद्ध केली. जांभळ्या रंगापलीकडील हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांतील बहुतांश पृथ्वीचे वातावरण शोषून घेते. म्हणून अशी दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. तिची जुळणी बंगळूरजवळील होसकोटे येथील प्रयोगशाळेत झाली. आरशावर तेलकट वाफेचा सूक्ष्म थर बसला तरी जंबुपार किरण क्षीण होतात. त्यामुळे तेथे स्वच्छतेची पराकाष्ठा करावी लागली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाबरोबर ही दुर्बीण अवकाशात गेली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘आयुका’तील कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्याकरवी आकाशाच्या एका लहानशा भागाचे २८ तासांहून अधिक काळ निरीक्षण केले. हबल यांचे नाव दिलेल्या अमेरिकन अवकाश दुर्बिणीने हा भाग पूर्वीच अत्यंत बारकाईने टिपला होता. त्या दुर्बिणीचा आरसा २.४ मीटर व्यासाचा, तर भारतीय दुर्बिणीचा जेमतेम ३७.५ सेंटिमीटरचा. तरीही तेथील एका दीर्घिकेतून येणारे क्षीण जंबुपार किरण या लहान दुर्बिणीनेच प्रथम टिपले. याचे कारण तिच्या ग्राहकात आहे. तो प्रत्येक प्रकाशकण स्वतंत्रपणे मोजतो, आणि त्याचा स्वतःचा गोंधळ अत्यल्प असतो. मोठ्या दुर्बिणीच्या ग्राहकातील गोंधळात तो क्षीण प्रकाश बुडून गेला होता.

परंतु प्रकाश दिसला म्हणजे शोध लागला, असे नव्हे. हा प्रकाश त्याच दीर्घिकेचा कशावरून? तिच्याच दिशेला, पण अलीकडे, एखादी दुसरी अंधुक दीर्घिका असेल तर सारा निष्कर्ष खोटा ठरला असता. ही शंका फेडण्यासाठी संशोधकांना जवळजवळ दोन वर्षे निरीक्षणांची छाननी करावी लागली. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे ९३० कोटी वर्षे लागली, आणि वाटेत त्याची तरंगलांबी जवळपास अडीच पटींनी वाढली.

या प्रकाशाचे मोल वेगळेच आहे. ९१.२ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे किरण ताऱ्यांभोवतालचा हायड्रोजन वायू सहसा गिळून टाकतो. ते किरण या दीर्घिकेतून मात्र बाहेर निसटले होते. बाल्यावस्थेतील विश्व हायड्रोजनच्या उदासीन अणूंनी भरलेले होते. पुढे ते अणू कोणत्या प्रकाशाने फुटले, हा विज्ञानातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. पहिल्या दीर्घिकांतून असेच किरण निसटले असतील, या तर्काला अशा निरीक्षणांनी आधार मिळतो.

छायाचित्रातील ठिपक्याला नाव देणे सोपे आहे. ते नाव खरे ठरविण्यासाठी आकार, रंग, वर्णपट आणि अंतर या चारही साक्षी जुळाव्या लागतात. त्या जुळेपर्यंत स्वतःच्याच शोधावर शंका घेत राहणे, हे दुर्बीण घडविण्याइतकेच कष्टाचे काम आहे.