बेपत्ता वैमानिकाचा शोध

नाशिकजवळच्या ओझर परिसरात राहणाऱ्यांना विमानाचा आवाज नवा नाही. तेथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे. 4 जून 2024 रोजी निफाड तालुक्यातील शिरसगावच्या शिवारात एक सुखोई-30 विमान कोसळले. दोन्ही वैमानिक वेळीच विमानाबाहेर पडले आणि हवाई छत्रीने सुखरूप खाली उतरले. अशा अपघाताची चौकशी करणाऱ्यांना बरीच साधने मिळतात. वैमानिक स्वतः सांगू शकतात, अवशेष हाताशी असतात, शिवाय वेग, उंची यांची नोंद ठेवणारी 'काळी पेटी' असते. (ती खरे तर नारिंगी रंगाची असते, म्हणजे ढिगाऱ्यात चटकन दिसावी!)

पण समजा, वैमानिक परतलाच नाही, विमान शत्रूच्या मुलखात पडले आणि काळ्या पेटीचा शोधही अजून लागलेला नाही. मग खरे काय घडले, हे कसे ठरवायचे?

मुंबईचा तरुण

असा प्रश्न पहिल्या महायुद्धात एका मराठी घरापुढे उभा राहिला. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर केंब्रिजला शिकायला गेले आणि पुढे ब्रिटिश हवाई दलात लेफ्टनंट झाले. त्या युद्धात लढाऊ वैमानिक झालेले हिंदी तरुण बोटांवर मोजण्याइतके होते. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरॉल सेन हे त्यांपैकी आणखी तिघे.

वेलिंगकर 23 क्रमांकाच्या तुकडीत सॉपविथ डॉल्फिन हे विमान चालवीत. या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखातील मोकळ्या जागेतून वर येई. त्यामुळे चहूकडचे छान दिसे, पण विमान उलटले तर पहिला आघात डोक्यावर होण्याची भीती असे. ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना तेव्हा हवाई छत्री दिली जात नसे.

27 जून 1918 रोजी वेलिंगकर फ्रान्समध्ये गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. 'बेपत्ता' एवढाच शेरा तुकडीच्या हाती राहिला. या एका शब्दात किती शक्यता दडलेल्या असतात पाहा! गोळी लागली असेल, इंजिन बंद पडले असेल, वैमानिक कैदेत असेल, जखमी असेल किंवा मरणही पावला असेल. घरच्यांनी यांपैकी कशाची वाट पाहायची?

अर्धे सत्य इकडे, अर्धे तिकडे

त्या आघाडीवर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहत असे. झुंज खेळता खेळता विमाने पूर्वेला, म्हणजे जर्मनांच्या बाजूला सरकत. त्यामुळे ब्रिटिश विमान कधी निघाले हे ब्रिटिशांना ठाऊक असे, पण ते कोठे आणि कसे पडले हे पुष्कळदा फक्त जर्मनांना. खरी हकिगत हवी तर दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवायला हवेत.

वेलिंगकरांच्या बाबतीत असेच झाले. ते आकाशात मेले नव्हते. जखमी होऊन ते जर्मनांच्या हाती पडले होते आणि तीन दिवसांनी, 30 जूनला, त्यांचा मृत्यू झाला. पण जर्मनांनी पुरताना त्यांचे नाव चुकीचे नोंदले. परक्या कानाला हे मराठी आडनाव कसे ऐकू आले असेल, याची कल्पना करा. युद्ध संपल्यावर चौकशी होऊन ती कबर त्यांचीच असल्याचे ठरले. आज फ्रान्समधील हँगार्ड येथील युद्धस्मशानात त्यांच्या खऱ्या नावाची शिला आहे.

म्हणूनच संशोधक नाव एकाच वर्णलेखनाने शोधत नाही, पाचसहा प्रकारांनी शोधतो. तारीख, हुद्दा, तुकडी यांच्याशी ते ताडून पाहतो. विमान गमावले की भरायच्या अहवालात इंजिनाचा आणि बंदुकांचा क्रमांकही लिहीत. नावात चूक होऊ शकते, एखाद्या क्रमांकातही होईल, पण तीन वेगवेगळे क्रमांक जुळले तर तो योगायोग म्हणता येणार नाही.

घड्याळाचा घोटाळा

आता एक गंमत पाहा. समजा, एका विमानाविषयी ब्रिटिश अहवाल म्हणतो, "सकाळी 9.40 ला शेवटचे दिसले." जर्मन नोंद म्हणते, "10.45 ला एक विमान पाडले." मध्ये 65 मिनिटांचे अंतर! ही दोन वेगळी विमाने असावीत, असे तुम्ही म्हणाल. पण 1918 च्या त्या उन्हाळ्यात जर्मन घड्याळे ब्रिटिश घड्याळांच्या एक तास पुढे होती. तो तास वजा करा, फरक उरतो फक्त 5 मिनिटांचा.

दिसले तेथेच पडले का?

समजा, 3,000 मीटर उंचीवर इंजिन बंद पडले. विमान दर सेकंदाला 5 मीटर खाली येत, 30 मीटर पुढे सरकते आहे. जमिनीवर यायला 600 सेकंद, म्हणजे 10 मिनिटे लागतील. तेवढ्यात ते 18 किलोमीटर पुढे जाईल. सेकंदाला 10 मीटर वेगाचा वारा पाठीमागून असेल तर आणखी 6, म्हणजे 24 किलोमीटर. समोरून असेल तर फक्त 12. म्हणून सोबतच्या वैमानिकाने सांगितलेली जागा चुकीची नसते, ती फक्त शेवटची जागा नसते. संशोधक त्या बिंदूभोवती नकाशावर वर्तुळ काढतो आणि त्यातील गावांच्या व स्मशानांच्या नोंदी तपासतो.

तुम्हीही करून पाहा

तुमच्या गावात युद्धात कामी आलेल्यांची स्मारकशिला असेल, तर शिक्षकांच्या मदतीने त्यावरील एक नाव निवडा. वहीत तीन रकाने आखा: 'प्रत्यक्ष पाहिलेले', 'ऐकलेले' आणि 'आपला तर्क'. मिळालेली प्रत्येक माहिती यांपैकी योग्य रकान्यात लिहा. शौर्याची सुरस कथा ऐकायला मिळेल, पण ती सांगणाऱ्याने स्वतः पाहिली नसेल तर ती दुसऱ्या रकान्यातच जायला हवी. मग कागद, माणसे, तारखा एकमेकांशी ताडून पाहा.

प्रयोगशाळेत आपण एक वाचन पुरेसे मानत नाही, पुन्हा मोजतो. इतिहासातही तसेच करायचे. एका चुकीच्या नोंदीने माणूस दुसऱ्यांदा बेपत्ता होतो, आणि नीट पडताळा घेतला की त्याचे नाव त्याला परत मिळते.