चौकातला वाघ ‘पॉप’ आहे का? संशोधनाचा प्रश्न घडवताना

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमधलं एक वाक्य आठवलं की अजूनही लाज वाटते. ‘भंडारा जिल्ह्यात सार्वजनिक जागेतील पॉप शैलीच्या प्राणिशिल्पांची परंपरा आढळत नाही, म्हणून हा विषय निवडला आहे.’ माझ्या मते ही ‘रिसर्च गॅप’ होती. गाइडनी वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘आढळत नाही, की ओळखता आली नाही?’ सिनॉप्सिस परत आला आणि माझे सहा महिने गेले.

तुम्ही प्रवेश परीक्षेची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत असाल, तर हे सहा महिने तुमचे वाचावेत म्हणून ही पोस्ट. विषय माझाच घेते, म्हणजे उदाहरणं हाताशी राहतील.

आधी ‘पॉप’ म्हणजे काय ते बघू

भडक रंग दिसले की आपण ‘पॉप’ म्हणून मोकळे होतो. पण रंग हे फक्त वरचं लक्षण आहे. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये आणि पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत ही चळवळ वाढली, तेव्हा तिचा कच्चा माल होता बाजारातल्या प्रतिमा: जाहिराती, सिनेनट, सूपचे डबे. लोकांच्या आधीच ओळखीची असलेली प्रतिमा उचलायची, ती यंत्राने किंवा साच्याने पुन्हा पुन्हा काढायची, आणि ‘कला म्हणजे एकमेव वस्तू’ या समजुतीला धक्का द्यायचा. अँडी वॉरहोलने १९६६ मध्ये गायीचं एकच तोंड छापून भिंतीचा कागदच तयार केला, तो याच विचाराने.

प्राणी चौकात उतरले ते त्यानंतर. जेफ कून्सने १९९२ मध्ये फुलझाडांनी मढवलेला, बारा मीटरहून उंच ‘पपी’ उभा केला. आज तो स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात संग्रहालयाच्या दाराशी बसलेला आहे. १९९३ मध्ये इटलीत ‘क्रॅकिंग आर्ट’ हा गट सुरू झाला. प्लास्टिकच्या एकरंगी गोगलगाई, ससे, मगरी ते शहराशहरांत मांडतात. १९९८ मध्ये झुरिकच्या रस्त्यांवर रंगवलेल्या गायी आल्या आणि पुढे ती कल्पना जगभर फिरली. २००७ मध्ये रॉटरडॅममध्ये हत्तींची ‘एलिफंट परेड’ सुरू झाली, आणि २०१८ मध्ये ते रंगीत हत्ती मुंबईतही दिसले.

मुंबईचंच आणखी एक उदाहरण बघा. काळा घोडा परिसराला नाव मिळालं ते सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून. तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, तरी नाव राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभा राहिला, पण स्वाराशिवाय. राजा गेला आणि लोकांनी ज्याच्यावरून जागा ओळखली तो प्राणी तेवढा परत आला. या घोड्याला ‘पॉप’ म्हणायचं का? रंग बघितले तर नाही. ओळखीच्या प्रतिमेचा निकष लावला, तर मात्र विचार करावा लागतो.

लेबल बाजूला ठेवा, कसोट्या लिहा

इथेच माझी पहिली चूक होती. मी लेबल घेऊन जिल्हाभर फिरत होते आणि ते कुठे चिकटतंय का बघत होते. गाइडनी मला ‘पॉप’ या शब्दाचे चार प्रश्न करायला लावले:

१. ही प्रतिमा लोकांच्या आधीच ओळखीची आहे का?
२. ती साच्याने किंवा ठरलेल्या नमुन्यावरून अनेकदा बनते का?
३. तिकीट न काढता, रस्त्यावर, हात लावता येईल अशी ती भेटते का?
४. पैसे कोण देतं, आणि कोणासाठी?

हे प्रश्न घेऊन आता भंडाऱ्यात चला. बागेत किंवा रिसॉर्टच्या दाराशी फायबरचा वाघ असतोच. तो बनतो कसा? आधी मातीचा नमुना, त्यावरून साचा, साच्यात काचधाग्याची चटई आणि रेझिनचे थर, आत लोखंडी सांगाडा, शेवटी रंग. एकदा साचा तयार झाला की वाघ कितीही काढा. पहिल्या तीन प्रश्नांना उत्तर ‘हो’ येतं.

पण मी जे शोधत होते ते माझ्या घरातच, माळ्यावर पडलेलं होतं. तान्हा पोळ्याचा लाकडी नंदी!

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पोळ्याला खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात, सजावटीच्या स्पर्धा होतात, मग दोरी ओढत घरोघर जाऊन मुलं बोजारा मागतात. नागपूरच्या भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली, असं परंपरेने सांगितलं जातं. (सिनॉप्सिसमध्ये ‘सांगितलं जातं’ हे शब्द गाळू नका. परंपरेने आलेली माहिती आणि कागदपत्रातली नोंद यांचं वजन सारखं नसतं.)

आता चार प्रश्न लावा. प्रतिमा ओळखीची आहे. नमुना ठरलेला: उंच वशिंड, बाकदार शिंगं, चार चाकं. जागा रस्त्याची, आणि हात लावायचाच असतो. पैसे घरचे, बघणारा अख्खा मोहल्ला. म्हणजे मी ‘आढळत नाही’ म्हटलं, तो प्रकार माझ्या लहानपणीच माझ्या हातात होता.

मग नंदीला ‘विदर्भाची पॉप आर्ट’ म्हणून टाकायचं? नाही, ही दुसरी चूक होईल. सूपच्या डब्याची कोणी पूजा करत नाही. नंदीला कुंकू लागतं, त्याची आरती होते. शिवाय पॉप चित्रावर कलाकाराचं नाव किंमत ठरवतं. नंदी कोणत्या सुताराने घडवला हे सहसा कुठे लिहिलेलं नसतं. कसोट्या दोन गोष्टींमधलं साम्य दाखवतात तशाच त्यांच्यातला फरकही दाखवतात, आणि प्रबंधाला खरं काम त्या फरकातच मिळतं.

चौथा प्रश्न तर याच जिल्ह्यात फार मागे नेता येतो. पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. पवनीच्या शिल्पांत फणा काढलेला मुचलिंद नाग आहे, आणि तिथल्या कोरीव लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. सार्वजनिक जागेतल्या शिल्पाचा खर्च कोणी उचलला, हे दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवत होते. फायबरच्या वाघापाशी मात्र ही माहिती शोधायला कार्यालयात अर्ज करावा लागतो. तो अर्ज करणं हाही फील्डवर्कचाच भाग आहे.

वाघ ‘जय’ आणि वाघाचं चित्र

नागझिऱ्यातले दोन भाऊ वाघ ‘जय’ आणि ‘वीरू’ म्हणून ओळखले जाऊ लागले. नावं ‘शोले’मधली, १९७५ च्या सिनेमातली. जय पुढे नागझिऱ्याहून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गेला. या अभयारण्याचा पवनीकडचा भाग भंडारा जिल्ह्यात येतो. त्याला बघायला लांबून पर्यटक येऊ लागले. एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही सापडला नाही.

सिनेमातून उचललेलं नाव, हजारो फोटो, वर्तमानपत्रातली प्रसिद्धी. पॉपची सगळी प्रक्रिया इथे एका जिवंत जनावरावर झाली. जनावर गेलं आणि चित्र मागे राहिलं. मी यावर एक आख्खं प्रकरण लिहायचं ठरवलं होतं. पण मग जंगलालगतच्या एका गावात गेले.

तिथे एका काकांना मी मोबाइलवर फायबरच्या वाघाचा फोटो दाखवला आणि विचारलं, कसा वाटतो? काकांनी फोटो नीट बघितला.

“हा बसूनच रायते का जी?”

मी म्हटलं, हो.

“आमचा तं बसत नाही.”

उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या घरातला माणूस बोलत होता. माझ्या प्रश्नावलीत रंग, आकार, साहित्य, आवड-निवड असे एकवीस प्रश्न होते. ‘तुम्हाला वाघाची भीती वाटते का?’ हा नव्हता. माझा ‘प्रेक्षक’ गाडीतून उतरून फोटो काढणारा होता. ज्यांचं रोजचं जगणं त्या प्राण्याशी जोडलेलं आहे, ते माझ्या आराखड्यातच नव्हते. तसाच प्रबंध झाला असता, तर त्यात ‘लोकांना शिल्प आवडते’ असा निष्कर्ष निघाला असता, आणि त्यातले ‘लोक’ फक्त पर्यटक असते.

प्रश्न कसा बदलला

पहिला: ‘भंडारा जिल्ह्यातील पॉप शैलीतील प्राणिशिल्पांचा अभ्यास.’ यात प्रश्नच नाही, नुसता विषय आहे.

दुसरा: ‘ही शिल्पे पॉप शैलीची आहेत का?’ प्रश्न आहे, पण उत्तर हो किंवा नाही. तीन पानांत संपेल.

तिसरा: ‘मुलांच्या हातातला नंदी आणि दाराशी बसवलेला वाघ या दोन प्रतिमा कोणासाठी, कोणाच्या पैशाने घडतात, आणि त्या प्राण्याच्या सोबतीने राहणारी माणसं त्या कशा वाचतात?’ यावर काम करता येतं. यात शिल्प बनवणारा, पैसे देणारा, बघणारा आणि जंगलालगत राहणारा, चौघेही येतात.

तुमचा विषय वेगळा असेल, तरी आज एक करून बघा. तुमच्या शीर्षकातला सगळ्यात भारदस्त शब्द उचला आणि त्याचे चार साधे प्रश्न करा. मग ते घेऊन पहिल्यांदा स्वतःच्या घरी, गावी जा. ‘आढळत नाही’ हे वाक्य त्यानंतर लिहा.

माझा नंदी मी माळ्यावरून काढलाय. एक चाक तुटलंय. यंदा भाचीसाठी बसवून घ्यायचं आहे, आणि बसवणाऱ्या सुतारकाकांना माझ्या चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करून बरंच काही विचारायचं आहे.