थंड देशात आंबा-लिंबू: झाड थंडीने नाही, अंधाराने मरतं

मी म्युनिकहून बोलतोय. इथे हिवाळ्यात घरात आंबा, लिंबू जगतं का? जगतं. पण सगळे काळजी करतात थंडीची, आणि खरी अडचण असते उजेडाची.

हिशोब बघा. डिसेंबरच्या शेवटी इथे दिवस सव्वाआठ तासांचा, तेव्हा रत्नागिरीत अकराचा. फोनवर लक्स मोजणारं ॲप टाका. भर उन्हात आकडा १ लाखाच्या आसपास जातो, दिवे लावलेल्या खोलीत काही शेच. आपल्याला लख्ख वाटणारी खोली पानांसाठी जवळजवळ रात्रच असते.

त्यात हीटरमुळे खोली २२ डिग्री. ऊब मिळाली की झाड वाढायला लागतं, पण उजेड नसल्यामुळे फुटवे निघतात लांब, फिकट, लुळे. साठवलेलं अन्न संपतं. पाणी फारसं लागत नसतं, आपण मात्र मायेने रोज घालतो आणि मुळं कुजतात. म्हणून उजेड कमी तर ऊबही कमी, पाणीही कमी. आपल्या भाषेत, बॅटरी लो असताना गेम खेळायचा नाही!

लिंबू-संत्र्याला हे छान मानवतं. हीटर नसलेला, उजेडाचा जिना, ५ ते १० डिग्री, बस्स. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८०च्या दशकात बांधलेली ऑरेंजरी याच तत्त्वावर चालते: जाड भिंती, दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या.

आंब्याला एवढा गारठा सोसत नाही. त्याला ऊब द्यावीच लागते, मग उजेडही वाढवा. एलईडी ग्रो लाइट, टायमरवर रोज १२ तास. बोट मातीत दोन पेरं खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी. बाल्कनीत मे महिन्याच्या मध्यानंतरच न्या, कारण तोवर रात्री गोठायची भीती असते. पहिला आठवडा सावलीत ठेवा, नाहीतर पानं करपतात.

आता जरा कडू बातमी. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही. त्या कोयीत एकच गर्भ असतो, तोही परागीकरणातून झालेला. म्हणजे आई हापूस, बाप कोण देव जाणे! म्हणून तर कोकणात कलमं बांधतात. फळ हवं असेल तर कलमाचं रोप घ्या, आणि कुंडीत खरंच काही पिकवायचं असेल तर लिंबूच लावा.

माझा आंबा कोयीचाच आहे. त्याच्याकडून फळाची अपेक्षा नाही. पाडव्याला गुढीला बांधायला चार पानं घरची मिळतात, त्यासाठी तो खिडकीत आहे.