लिस्पची यादी आणि तिची अवजारे

लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत यादी म्हणजे जोड्यांची साखळी. प्रत्येक जोडीला दोन घरे असतात. पहिल्या घरात यादीचा घटक असतो आणि दुसऱ्यात पुढच्या जोडीचा पत्ता. शेवटच्या जोडीच्या दुसऱ्या घरात ‘निल’ असते, म्हणजेच रिकामी यादी. जोडी बनवणारे फंक्शन ‘कॉन्स’, पहिले घर वाचणारे ‘कार’ आणि दुसरे वाचणारे ‘कुडर’. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत या भाषेचे काम सुरू केले, तेव्हा हाताशी आयबीएम ७०४ हा संगणक होता. त्याच्या ३६ बिटांच्या शब्दात १५-१५ बिटांचे दोन भाग होते आणि प्रत्येकात एकेक पत्ता मावत असे. एक शब्द म्हणजे एक जोडी, असा सरळ हिशेब जमला. ते यंत्र केव्हाच मोडीत निघाले, पण जोडीची रचना टिकली.

मॅकार्थींचा १९६० चा शोधनिबंध आजही वाचनीय आहे. जोडी बनवणे, तिची दोन घरे वाचणे, एखादी गोष्ट अविभाज्य आहे का हे पाहणे आणि दोन चिन्हे एकच आहेत का हे तपासणे, एवढ्या पाच क्रिया आणि ‘जर-तर’ची सोय घेऊन त्यांनी बाकी सारे उभे केले. दोन याद्या जोडणारे ‘अपेंड’ आणि यादीभर एखादे फंक्शन फिरवणारे ‘मॅपलिस्ट’ त्याच निबंधात आहेत. यादी हाताळणाऱ्या फंक्शनांची पहिली लायब्ररी तीच, असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर भाषा फुगत गेली. कॉमन लिस्पच्या १९९४ च्या प्रमाणित आवृत्तीत ९७८ नावे आहेत. तरीही यादीत याद्या, त्यात आणखी याद्या असा गुंता सपाट करणारे ‘फ्लॅटन’ त्यात नाही. दहा-दहा घटकांचे गट पाडणारे ‘ग्रुप’ही नाही. त्यामुळे जवळपास प्रत्येक लिस्प प्रोग्रॅमर कधी ना कधी स्वतःची छोटी लायब्ररी लिहायला घेतो. पॉल ग्रॅहम यांनी १९९३ च्या ‘ऑन लिस्प’ या पुस्तकात अशा फंक्शनांना एक अख्खे प्रकरण दिले आहे.

‘फ्लॅटन’ वरवर पाहता चार ओळींचे काम आहे. समोर रिकामी यादी आली तर काहीच करायचे नाही, सुटा घटक आला तर तो निकालात घालायचा आणि जोडी आली तर तिच्या दोन्ही घरांवर हेच फंक्शन पुन्हा चालवायचे. खोच निलमध्ये आहे. कॉमन लिस्पमध्ये निल म्हणजे रिकामी यादी आणि निल म्हणजेच ‘असत्य’. एखाद्या यादीत हो-नाही अशी उत्तरे साठवली असतील, तर सपाट करताना सगळे ‘नाही’ गायब होतात. ही चूक मानायची की अपेक्षित वर्तन, हे लेखकाने ठरवायचे असते आणि ठरवलेले लिहून ठेवायचे असते. ‘अलेक्झांड्रिया’ या प्रचलित लायब्ररीने ते केले आहे. निल सोडून उरलेली पाने, म्हणजेच सुटे घटक, गोळा केली जातात, असे तिच्या ‘फ्लॅटन’च्या वर्णनातच नमूद आहे.

दुसरा प्रश्न खर्चाचा. यादीची लांबी कुठे नोंदवलेली नसते, ती टोकापर्यंत चालत जाऊनच मोजावी लागते. जपमाळेतला पन्नासावा मणी गाठायचा तर आधीचे एकोणपन्नास ओढावे लागतात, तशीच ही गत. म्हणून ‘या दोन याद्यांपैकी लांब कोणती’ या साध्या प्रश्नासाठीही वेगळे फंक्शन लिहिणे योग्य ठरते. दोन्ही लांब्या काढून तुलना केली, तर एका यादीत तीन आणि दुसरीत दहा लाख घटक असताना दहा लाख पावले वाया जातात. ग्रॅहम यांचे ‘लाँगर’ दोन्ही याद्यांवर एकाच वेळी चालते आणि आखूड यादी संपताच थांबते.

टोकाला घटक जोडतानाही हाच खर्च आडवा येतो. सुरुवातीला जोडणे म्हणजे एक नवी जोडी. शेवटी जोडायचे तर सगळी यादी ओलांडावी लागते. म्हणूनच निकाल उलटा गोळा करत जायचा आणि अखेरीस एकदाच सुलटा करायचा, ही लिस्पमधली जुनी रीत. नवख्या माणसाला ती द्राविडी प्राणायाम वाटते, पण तीच स्वस्त पडते.

अनेक याद्या एकत्र जोडण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. पहिला सुचणारा उपाय म्हणजे ‘अप्लाय’ वापरून सगळ्या याद्या एका दमात ‘अपेंड’ला देणे. परंतु एका फंक्शनला किती आर्ग्युमेंट देता येतील याची मर्यादा प्रत्येक अंमलबजावणी स्वतः ठरवते, आणि प्रमाण आवृत्तीची हमी फक्त ५० ची आहे. काही ठिकाणी ही मर्यादा प्रचंड मोठी असते. लेखकाच्या संगणकावर बिनबोभाट चालणारे फंक्शन दुसरीकडे कोसळते ते यामुळेच. मग ‘रिड्यूस’ घेऊन डावीकडून एकेक यादी जोडत जावे, तर वेगळीच अडचण. ‘अपेंड’ शेवटची सोडून आधीच्या याद्यांची नक्कल करते, त्यामुळे जमलेला निकाल प्रत्येक वेळी नव्याने उतरवला जातो. दहा-दहा घटकांच्या १,००० याद्या अशा जोडल्या, तर ४९,९५,००० जोड्या बनतात. तेच काम उजवीकडून केले तर ९,९९० पुरतात. निकाल दोन्हीकडे अगदी सारखाच, म्हणून साध्या चाचणीत हा फरक दिसतही नाही.

शेवटच्या यादीची नक्कल होत नाही, याचा आणखी एक परिणाम आहे आणि यादीच्या लायब्ररीतली सर्वांत कठीण गोष्ट तीच. जोडून तयार झालेली नवी यादी आणि शेवटची मूळ यादी यांची शेपटी एकच असते. वाचण्यापुरता काही त्रास नाही, उलट मेमरी वाचते. पण कोणी त्या शेपटीतला एखादा घटक बदलला, तर दोन्ही याद्या बदलतात. कॉमन लिस्पमध्ये जुन्या जोड्याच वळवून घेणारी फंक्शने आहेत. ‘एनकॉन्क’ नक्कल न करता याद्या जोडते आणि ‘एनरिव्हर्स’ यादी जागच्या जागी उलटवू शकते. एखादी यादी ‘एनकॉन्क’ने स्वतःलाच जोडली, तर तिचे गोल कडे होते आणि तिची लांबी मोजू पाहणारे साधे फंक्शन थांबतच नाही.

‘सॉर्ट’ने तर अनेकांना चकवले आहे. नावात कसलीही धोक्याची खूण नसताना ते मूळ यादी मोडून घेते. ३, १, २ अशी यादी एका व्हेरिएबलमध्ये ठेवून ‘सॉर्ट’ चालवले आणि परत आलेला निकाल पकडला नाही, तर त्या व्हेरिएबलमध्ये बहुधा एकटा ३ उरतो. कारण ते अजूनही जुन्या पहिल्या जोडीकडेच बोट दाखवत असते, आणि ती जोडी आता रांगेच्या शेवटी गेलेली असते.

स्कीम या लिस्पच्या भावंडाने येथे अधिक शहाणपण दाखवले. ओलिन शायव्हर्स यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलेल्या ‘एसआरएफआय-१’ या यादी-लायब्ररीत जोड्यांची मोडतोड करू शकणाऱ्या फंक्शनांच्या नावापुढे उद्गारचिन्ह असते. शिवाय त्यांपैकी बहुतेकांना मोडतोडीची मुभा आहे, सक्ती नाही. वापरणाऱ्याने जुनी यादी संपली असे समजून फक्त परत आलेला निकाल वापरावा, एवढीच अट. आपली लायब्ररी लिहिणाऱ्याने हा दंडक जसाच्या तसा उचलावा.

फंक्शनाला काय कोणत्या क्रमाने द्यायचे, ही बाब क्षुल्लक वाटते, पण रोजचा जाच तिथूनच होतो. कॉमन लिस्पचे ‘एनथ’ आधी क्रमांक मागते आणि मग यादी. ‘एल्ट’ आधी यादी मागते आणि मग क्रमांक. भाषेचा हा इतिहास बदलता येत नाही, पण नव्या लायब्ररीने तरी एकच क्रम पाळावा. समानतेचेही तसेच. दुहेरी घटक काढणारे फंक्शन मुळात ‘एक्ल’ ही कसोटी लावते, आणि वेगवेगळ्या तयार केलेल्या दोन सारख्या स्ट्रिंग या कसोटीला वेगळ्याच वाटतात. म्हणून कसोटी बाहेरून देण्याची सोय हवी. शोधणाऱ्या फंक्शनांत निल पुन्हा डोके वर काढते. ‘फाइंड’ने निल परत दिले, तर घटक सापडला नाही की सापडलेला घटकच निल होता, हे कळत नाही. ‘मेंबर’ सापडलेल्या जागेपासूनची शेपटी देते, त्यामुळे हा संशय उरत नाही.

चाचणीसाठी मोठ्या याद्यांपेक्षा अडनिड्या याद्या अधिक उपयोगी पडतात. रिकामी यादी, एकाच घटकाची यादी, निलऐवजी भलत्याच घटकावर संपणारी यादी आणि गोल यादी यांच्यावर प्रत्येक फंक्शन चालवून पाहावे. ‘ग्रुप’ला गटाचा आकार शून्य दिला, तर साधी व्याख्या कायमची फिरत राहते, ग्रॅहम यांच्या आवृत्तीत त्यासाठी पहिल्याच ओळीत अडसर आहे. फार लांब यादीवरही एकदा चाचणी घ्यावी. स्वतःलाच शेवटची हाक मारणारे फंक्शन स्कीममध्ये जास्तीची जागा न खाता चालेल, अशी भाषेचीच हमी आहे. कॉमन लिस्पच्या प्रमाण आवृत्तीत ती नाही, त्यामुळे तिथे साधा लूप लिहिण्यात कमीपणा मानू नये.

अशी लायब्ररी लिहायला घेणाऱ्याने आधी ‘अलेक्झांड्रिया’तला याद्यांचा भाग आणि ‘एसआरएफआय-१’चा मसुदा वाचून काढावा. दोन्ही मोफत मिळतात, आणि हवे असलेले फंक्शन बरेचदा तिथे आधीच लिहिलेले असते.